मामाची पिवळी बस

हल्ली शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना कोणी "वीकेंडला काय प्लॅन?" असं विचारलं की मी सांगतो, "कुसगाव. बसचं काम आहे." समोरचा बहुतेक वेळा विषय बदलतो. ज्याने बदलला नाही त्याला पुढचा अर्धा तास मी सोडत नाही. आज तुमची पाळी.

कुसगाव म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचं, मावळातलं. एक्सप्रेसवेने रोज जाणाऱ्यांनी हे नाव फक्त पाटीवर वाचलेलं असतं. अलीकडे पेपरात येतं ते 'मिसिंग लिंक'मुळे, कारण खोपोलीहून येणाऱ्या त्या नव्या रस्त्याचं वरचं टोक कुसगावला आहे. दोन बोगदे, त्यातला एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा. माझ्यासाठी मात्र कुसगाव म्हणजे मामाचं घर, समोरचं फणसाचं झाड आणि २०१६ पासून त्या झाडाखाली उभी राहणारी पिवळी स्कूल बस.

मामाने ती कर्ज काढून घेतली आणि एका शाळेला लावली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, बस झाडाखाली आणि हप्ते चालू. त्या काळात एसटीनेसुद्धा जुन्या बसगाड्यांच्या सीट काढून त्यांच्या मालगाड्या केल्या होत्या. मामा तेव्हापासून म्हणायचा, "सरकार करतं तर आपण का नाही?" पुढे शाळा उघडल्या, कर्ज फिटलं, पण गेल्या वर्षी शाळेने कंत्राट दुसऱ्याला दिलं. बस पुन्हा झाडाखाली. भंगारवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मामा दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

आणि मामीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. तासभर बसलं की तिला आडवं व्हावंच लागतं. एसटी नाही, ट्रेन नाही, आमची हॅचबॅक तर नाहीच नाही. तिचं माहेर चिपळूणच्या बाजूला. तिची आई, म्हणजे आमची सगळ्यांची चिपळूणची आजी, आता नव्वदीला टेकली आहे. तिकडून फोन आला की मामी बोलायची हसतखेळत, आणि ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. मामाच्या डोक्यात आलं की या बसचंच घर करायचं. पलंग, पाणी, छोटा ओटा. मामीला आईकडे न्यायचं. मोबाइलवर असले व्हिडिओ पोत्याने पडलेत. दाढीवाला पोरगा, बसच्या टपावर योगासनं करणारी बायको आणि मागे सूर्यास्त. त्यात आरटीओ कधीच दिसत नाही.

मामाला एक एजंट भेटला होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. सीट काढा, पलंग टाका, पडदे लावा, रंग असू द्या पिवळाच. "स्कूल बस कोण अडवतंय साहेब?" हे ऐकून मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. (एरवी तो पगाराच्या दिवशीच जागा होतो.) मी मामाला म्हटलं, मला दोन आठवडे दे, कायदा वाचतो.

वाचायला बसल्यावर कळलं की मोटार वाहन कायदा, १९८८ हा आमच्या कंपनीच्या कोणत्याही डॉक्युमेंटेशनपेक्षा बरा लिहिलेला आहे. त्यातलं कलम ५२ म्हणतं की कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंदली, त्यात तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. बदल म्हणजे काय तेही दिलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार की ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. म्हणजे गादी अंथरली, पडदा लावला तर कोणी फासावर देत नाही. पण बत्तीस सीट उपटून पलंग आणि ओटा बोल्टने फरशीला आवळला, तर ती बस कागदावरची बस राहत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द मी मामाला दोनदा वाचून दाखवले. त्याने मनातल्या मनात पलंग, ओटा, टाकी, खिडकी असं मोजलेलं मला दिसलं.

पण दंड ही त्यातली किरकोळ गोष्ट. खरी भीती विम्याची. पॉलिसी आहे 'शैक्षणिक संस्थेची बस' या नावाची, आणि गाडीत पलंग. उद्या कोणाला धक्का लागला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असणार, आणि भरपाई मामाच्या घरावर येणार. हे म्हटल्यावर मामी आतून म्हणाली, "मग राहू दे. मी फोनवर बोलते आईशी." ते वाक्य काही मला झेपलं नाही. म्हटलं, कायदेशीर मार्ग असेल तर तो शोधायचा, नसेल तर बस भंगारात.

मार्ग आहे. लांबचा आहे, पण आहे. आपल्याकडे अशा गाडीला 'मोटर कॅराव्हॅन' म्हणतात आणि तिच्यासाठी एआयएस १२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे. या मानकांचं काम जिथे चालतं ती एआरएआय संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिच्या दारावरून मी कॉलेजात असताना शेकडो वेळा गेलोय. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक गाड्यांच्या यादीत येते. महाराष्ट्राने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. अर्थात धोरण आहे म्हणून घरामागे वेल्डिंग करून चालत नाही. आधी बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा, मग स्कूल बसचं परमिट परत करायचं, काम मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून मान्य आराखड्याप्रमाणे करून घ्यायचं, गाडी तपासणीला न्यायची, आणि शेवटी आरसीवर नवा प्रकार, नवी आसनसंख्या, नवा रंग. मग नवा विमा. सात महिने गेले. खर्च मामाने मामीला सांगितलेला नाही, तेव्हा मीही इथे सांगत नाही.

रंगावरून मामा हळवा झाला होता. इतकी वर्षं पिवळी गाडी चालवलेला माणूस. पण तो पिवळा म्हणजे 'आत मुलं आहेत' असं मागच्या ड्रायव्हरला सांगणारी खूण. मुलं नसताना तो रंग मिरवायचा नाही, हे त्यालाही पटलं. आता ती पांढरी आहे, पोटावर निळा पट्टा. मी तरी तिला पिवळी बसच म्हणतो.

आता आतलं. इथे मजा आहे, कारण स्कूल बस ही लहान मुलांना बाहेर पडू न देण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. खिडक्यांना आडवे गज असतात. मुलाने डोकं बाहेर काढू नये म्हणून ते उत्तम. पण आग लागली तर तेच गज मोठ्या माणसाला आत कोंडतात. मागे संकटकालीन दरवाजा असतो, आणि व्हिडिओतल्या दहापैकी नऊ बसगाड्यांत डबल बेड नेमका त्याच दरवाज्याला आडवा टाकलेला असतो, कारण तिथून सूर्यास्त छान दिसतो. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती बातमी वाचताना मला एकच दिसत होतं: बस दरवाज्याच्या कुशीवर पडली की दरवाजा म्हणजे जमीन. दुसरी वाट लागतेच. आमच्या आराखड्यात म्हणून मागचा दरवाजा मोकळा, मधली वाट सरळ, दोन खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या, काच फोडायचा हातोडा दोन ठिकाणी, आगीचं नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी आणि एक मागे. गॅस सिलिंडर नाही. मामी यावर पंधरा दिवस रुसली होती. इंडक्शनवर चहा 'लागत नाही' म्हणे. पण डिझेलची टाकी, बॅटऱ्या आणि वर गॅस अशा त्रिवेणी संगमावर बसून बोगद्यात शिरायची माझी तयारी नव्हती.

सगळ्यात अवघड प्रश्न पलंगाचा निघाला. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तोच.

मामाची कल्पना सरळ: मामी आडवी पडेल, आपण चालवू. आणि मी म्हणत होतो की चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपायचं नाही. साठच्या वेगाने जाणारी बस करकचून थांबली तर पलंगावरचा माणूस थांबत नाही, तो साठनेच पुढे जातो, आणि पुढे ओटा आहे. मणक्यात स्क्रू असलेल्या बाईला हा प्रयोग नको. मामा चिडला. "मग ट्रेननेच जाऊ की! बस कशाला?" तीन शनिवार आमच्यात याच्यावरून धुसफुस. तोडगा शेवटी मामीनेच काढला, तोही फिजिओथेरपीच्या बाईंना विचारून. मागे रेलणारी एक चांगली सीट, तोंड पुढच्या दिशेने, तिन्ही बाजूंनी धरणारा पट्टा. दर पाऊण तासाने थांबायचं, मामीने वीस मिनिटं पलंगावर सपाट पडायचं, मग पुढे. बसमध्ये पट्टेवाल्या सीट चार, म्हणून माणसंही चारच. लग्नाला सगळं खानदान कोंबायचा मामाचा बेत तिथेच बारगळला.

वजनाबद्दल कोणीच बोलत नाही, आणि मला तोच भाग सगळ्यात आवडला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी म्हणजे तीन धिप्पाड माणसं, आणि वळणावर ती तिघं एका बाजूला सरकतात. सुताराच्या पहिल्या चित्रात टाकी, बॅटऱ्या आणि ओटा सगळंच मागच्या चाकांच्याही मागे होतं. तसं केलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि बस वळवायचं काम तीच करतात. टाकी दोन आसांच्या मधे, खाली, आत आडपडदे घातलेली, अशी आराखड्यात बदलून घेतली. मग हायवेवरच्या वजनकाट्यावर नेऊन पुढचा आस वेगळा, मागचा वेगळा आणि पूर्ण गाडी वेगळी अशी तीन वजनं केली. काटेवाल्याला वाटलं माल चोरीला गेलाय. भरल्या पाण्यासकट ६१०० किलो. पावती मी जपून ठेवली आहे, डिग्रीच्या फाइलमध्येच.

लायसन्सच्या बाबतीत ७५०० किलो ही रेघ लक्षात ठेवा. साध्या कारच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची वाहतूक गाडीही चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण हिशोब काट्यावरच्या वजनाचा नाही, कागदावरच्या कमाल वजनाचा, आणि आमचा कागदावरचा आकडा रेघेच्या वर होता. मामाकडे हेवी लायसन्स आहे. माझ्याकडे नव्हतं, आणि मामाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं होतं. मग मी ट्रेनिंग घेतलं, डॉक्टरचा फॉर्म १ अ आणला, परीक्षा दिली. तिथे माझ्या बॅचला बाकी सगळी विशीतली पोरं होती आणि मला 'सर' म्हणत होती. फार वाईट वाटलं.

खरं शिकवलं मात्र मामाच्या शेजारच्या काकांनी. एसटीतून रिटायर झालेले. बोलतात कमी. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडी चालवूच दिली नाही. इंजिन चालू करून हवा भरू द्यायला सांगितली, मग इंजिन बंद, ब्रेक दाबून धरायचा आणि पाच मिनिटं नुसता प्रेशरचा काटा बघायचा. काटा पडला तर गाडी फणसाखालीच राहणार. मग टायर. नक्षी अजून छान होती, पण काकांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले: ३२१८. म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. रोज चार मैल धावणारी स्कूल बस रबर झिजवत नाही, नुसतं म्हातारं करते. सहाच्या सहा टायर बदलले.

"कुसगावचा तोटा काय, माहितीये?" काका म्हणाले. "दुसऱ्या गावचा माणूस तासभर गाडी चालवून घाटाला येतो, तोवर त्याला ब्रेक कळलेला असतो. आपण दारातून निघालो की दहा मिनिटांत घाट."

म्हणून घाटाचं गणित मांडलं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली तळाशी. पाचशे मीटरचा उतार धरू. ६१०० किलो पाचशे मीटर खाली आणायचे म्हणजे साधारण तीन कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. वीस मिनिटांत उतरलात तर सरासरी पंचवीस किलोवॅट. घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे बारा-तेरा गीझर वीस मिनिटं सतत चालू. ही सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरमध्ये ओतली तर ब्रेक तापून सैल पडतात, आणि पाय पूर्ण दाबला तरी गाडी ऐकत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर हा भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारे महाभाग काय करतात ते पुण्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलावर पाहिलं. इंजिन बंद ठेवून उतरणाऱ्या एका ट्रकने अठ्ठेचाळीस गाड्या ठोकल्या. रेल्वेवाल्यांना हे केव्हाच कळलं होतं. बोरघाटात लोहमार्ग १८६३ चा. उतरणाऱ्या गाड्या तिथे ब्रेक तपासायला थांबतात, आणि सुटलेली गाडी चढावर घालून थांबवायला वेगळे रूळ ठेवलेले आहेत. आपल्या बसला तसले रूळ नाहीत. काकांचं सूत्र: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच्याही एक खाली उतर, आणि तो गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाक.

वेळेबद्दल काका आणखी कडक. १५ एप्रिल २०२३ ला आमच्याच बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाजवळ, झांजपथकाची बस दरीत गेली. तेरा पोरं गेली. ती पहाटेची वेळ. समृद्धीची बस मध्यरात्रीनंतरची. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला पेटलेली बस, तीही पहाटेची. तेव्हा ठरलं: उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दिवेलागणीला गाडी उभी. पगारी ड्रायव्हरसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांची मर्यादा घातली होती, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. आपण पगारी नाही, पण झोप कायदा विचारून येत नाही. वेग-नियंत्रकही मी काढू दिला नाही. स्कूल बसला साठची मर्यादा, ती तशीच ठेवली. मामा म्हणाला, "भाचेबुवा, मागचे ट्रकवाले शिव्या देतील." देऊ देत.

फेब्रुवारीत गेलो. सकाळी सातला निघालो. घाटात डावी लेन, दुसरा गिअर, मागे हॉर्नची मिरवणूक. ब्रेकला पाय लावावा लागला तो मोजून सहा-सात वेळा. खोपोलीला थांबून चाकांना हात लावून बघितला. कोमट. काका मागच्या सीटवर होते, त्यांनी नुसतं "हं" केलं. माझ्या आत्तापर्यंतच्या सगळ्या अप्रेझलांमध्ये इतकं चांगलं रेटिंग मिळालेलं नाही. पुढे पेण, वडखळ आणि मग तो मुंबई-गोवा रस्ता, ज्याच्या चौपदरीकरणाच्या गोष्टी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्यावर काही लिहीत नाही, रविवार खराब होईल. सव्वादोनशे किलोमीटरला थांबत थांबत साडेनऊ तास लागले. मामी आठ वेळा आडवी झाली. माणगावच्या पुढे एकदा झाडाखाली थांबलो तेव्हा ती झोपलीच. मामा उठवायला निघाला, तर काका म्हणाले, "असू दे. आपल्याला कुठं डेपोत सही करायची आहे."

आजीच्या वाडीचा रस्ता बसला पुरत नाही. गाडी एक किलोमीटर अलीकडे शाळेच्या मैदानात, मुख्याध्यापकांना विचारून लावली. मामीला रिक्षाने नेलं. आजी दारात खुर्चीवर बसली होती. दोघी किती वेळ काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण मी मैदानावरच होतो. शाळेतल्या पोरांना बस आतून दाखवत होतो. त्यातला एक चिमुरडा बाहेर आल्यावर बसभोवती फेरी मारून म्हणाला, "ही आधी पिवळी होती ना?" दरवाज्याच्या बिजागरीत जुना रंग राहिलाय, तो त्याने बरोबर हेरला होता.

आता मामीच्या यादीत पंढरपूर आहे. वारीच्या गर्दीत नाही, नंतर. त्याआधी डाव्या वायपरची मोटर बदलायची आहे आणि पीयूसीची तारीख या महिन्यात आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा कुसगाव.